हात उघडेपर्यंत

१२ फेब्रुवारी १९८७, गुरुवार

डागदरीण बाई म्हणे रोज लिहा. सकाळी हात किती वेळानं उघडले, काय दुखलं, काय केलं. मी म्हटलं मी चवथीपर्यंत शिकली, तेही अर्धी. ती म्हणे मग तं लिहाच, बोटाले काम होईन. वयानं पोरगीच आहे, बोलते सासूसारखी.

तर लिहून राहिली. वंदीची जुनी वही, मागचे कोरे पानं.

घड्याळ पाहून लिहा म्हणे. घड्याळ बैठकीत, मी पलंगावर. ते नाही जमत मले. आपलं असं लिहीन: पहिले दूधवाला येते, मग ह्यांच्या पोलाद प्लांटचा भोंगा होते, मग नळ जाते. नळ जाईपर्यंत म्हणजे सगळ्यात वाईट.

आज: नळ गेला तरी बंद.

१४ फेब्रु., शनि.

नळ जाईपर्यंत. ब्लाउजचे हूक वंदीनं लावले. आता रोज तीच लावते. समोर उभी राह्यते अन् पाह्यते भिंतीकडे. माहंही तोंड भिंतीकडंच. अठरा वर्षाच्या पोरीनं मायचे हूक लावावं, असे दिवस.

१६ फेब्रु., सोम.

नळ. थंडी आहे म्हणून का काय.

गठियावात आहे, सांध्याइचा, हा जात नाही, दबून राह्यते, असं डॉ. नं तोंडावर सांगितलं. बरं केलं. गोड बोलणारे मले चालत नाही. तिनं आपलं बोट माह्या मुठीत दिलं, म्हणे दाबा. दाबलं. तिले कळलंही नाही असं वाटलं. वंदी सोबत होती. तवापासून पोट्टी रोज सकाळी चहा ठेवला की आपलं बोट पुढं करते, "दाब." मी दाबते. ती म्हणते, "और." मी म्हणते और काय डोंबल.

२० फेब्रु., शुक्र.

भोंग्यानंतर, नळाच्या आधी.

हे नाइट करून आले, डबा ठेवला, झोपले. वंदीनं मले बाहेर हाकललं, चालून ये म्हणे. टाकीमागच्या बगीच्यात गेली. तिथं ती बाई. पावर हाऊस भागातल्या बाजारात दाताचा चिनी डागदर आहे, त्याची बायको. मागच्या साली ह्यांची दाढ काढली तवा दुकानात बाकड्यावर बसली होती. झाडाखाली उभी अन् हात असे हळू हळू वर चालले, जसे दुसराच कोणी उचलून राहिला. मले वाटलं हिले काही झालं. जवळ जाऊन विचारलं, "क्या हुआ, लकवा मार गया क्या?"

हात खाली येईपर्यंत ती बोललीच नाही. मग म्हणे, "नहीं दीदी, कसरत है."

मी म्हटलं अशी कसरत तं आमच्या गावच्या तलावात बगळा दिवसभर करते. भल्ली हासली. दात आहेत पण तिचे, डागदराची बायको शोभते.

मग माह्या हाताकडं पाह्यलं. लोक एक तं पाह्यत नाहीत नाही तं दाबून पाह्यतात. हिनं दोन्ही हात खालून धरले, जशी गरम वाटी धरावं. बस. विचारलं, सुबह में बंद रहता है? मी म्हटलं हो. उद्या या म्हणे.

२१ फेब्रु., शनि.

गेली नाही. बाया पाह्यतीन.

२५ फेब्रु., बुध.

गेली. नाव विचारलं कसरतीचं. ची-गोंग म्हणे. श्वास अन् हात सोबत चालवायचे. मी म्हटलं श्वास तं चालतोच, नाही तं इथं कशी आली असती.

दोन्ही हात वर, आकाश उचलायचं. मग धनुष्य ओढायचं, तीर नाही. मग टाचा उचलून धपकन सोडायच्या. मी सगळं भराभरा केलं अन् म्हटलं, झालं, आता? ती अजून पहिल्याच आकाशात होती. म्हणे, "दीदी, ट्रेन पकड़ना है?"

घरी भांडे पडले होते, ट्रेनच धरायची होती मले.

शेवटी झाडासारखं उभं राहायचं, हाताच्या मधात हवेचा गोळा आहे समजून. मी म्हटलं हवेचा गोळा कोणी पाह्यला? ती म्हणे मत देखो, पकड़ो. उभी राहिली. भाजी काय करावं ते ठरलं, तेवढा फायदा.

४ मार्च, बुध.

भोंग्यापर्यंत.

रोज जाऊन राहिली. शेजारची साहूबाई भिंतीवरून पाह्यते. आज मी मोरीपाशी हवेचा गोळा धरून उभी होती तं म्हणे, "हवा के अंगाकर बनावत हस का, बहिनी?" अंगाकर म्हणजे इकडच्या लोकाइची ती निखाऱ्यावरची जाड रोटी. मी म्हटलं हो, तुह्या नवऱ्याले वाढते, ये घेऊन. हासत गेली आत.

हेही कमी नाहीत. म्हणे, वंदीची माय, चीनवाल्याइनं पहाड घेतला, आता तुले घेऊन राहिले.

९ मार्च, सोम.

आज ऐकलं. वंदी साहूबाईले सांगून राहिली होती ओट्यावर. नागपूरले मामानं नर्सिंगचा फार्म भरला आहे तिचा. जुलैत सुरू होते. पण मी नाही जाणार म्हणे, आईले कोण पाहीन, बाबाची शिफ्ट, आईले तर नळाची तोटी फिरत नाही.

मी बाहेर आली. म्हटलं, कोणी सांगितलं तुले माह्यासाठी घरी बसायले? ती म्हणे कोणी नाही सांगितलं. मग कावून? ती म्हणे, "आई, तू ना, सुनती नहीं. मी गेल्यावर तुहे हूक कोण लावीन?"

साहूबाईसमोर.

मी म्हटलं मी बरी होऊन राहिली. ती म्हणे बरी आहेस तं अक्तीले, अक्षय तृतीयेले, मटक्यावर लांब रोट्या करून दाखव. सगळ्याइले पुरतीन इतक्या. मग जाते मी, वादा.

करता आल्या असत्या तं तिले सांगायची गरज नव्हती. दोन वर्ष झाले, मडकं न्हाणीवर उपडं पडलं आहे.

१० मार्च, मंगळ.

नळ. रागानंही बंद होतात हात, हे डॉ. ले सांगा लागन.

१७ मार्च, मंगळ.

भोंग्याच्या आधी!

अन् आज एक झालं, नीट लिहिते. हवेचा गोळा धरून उभी होती. चि. बाई (चिनी बाई, लिहायले लांब पडते) रोजच्यासारखी म्हणे, "पकड़ो नहीं इतना. छोड़ो, लेकिन गिराओ मत." रोज हेच म्हणते, मले रोज राग येते, धरू का सोडू एक सांग. आज एकदम कळलं. हे तं लांब रोटीचं आहे.

कणीक सैल भिजवायची, आपटून आपटून तार आणायची, अन् गोळा हातावर घेतला की ओढायचं नसते. ओढला की फाटला. हात खालीवर होतात अन् तो आपल्याच वजनानं लांब होते, मनगटावरून कोपरापर्यंत येते. मग अलगद मडक्यावर. माही माय शिकवताना म्हणे, तू नको करू, त्याले करू दे. अन् पाठीत एक धपका.

तसे हात केले. खांदे खाली आले. बोटाइत गरमी आली, खरंच, झिणझिण. चि. बाई पाह्यत होती. नंतर मी तिले सगळं सांगितलं, मडकं, कणीक, कोपर. तिले निम्मं समजलं. म्हणे अक्तीले मी पण येईन खायला.

तिले विचारलं तू कोणापासून शिकली. बासष्टच्या लढाईत चिनी लोकाइले कलकत्त्याहून उचलून राजस्थानात तारेच्या आत ठेवलं होतं, तिथं. ती तवा वंदीएवढी. तिथल्या एका म्हाताऱ्यानं शिकवलं. करायले दुसरं काही नव्हतं म्हणे.

त्या साली आमच्या गावात बाया जवानासाठी सेटर विणत होत्या. मीही विणलं. तवा बोटं कसे चालत होते. तिले हे सांगितलं नाही.

३० मार्च, सोम. पाडवा

दूधवाल्याच्या पाठोपाठ उघडले. गुढी ह्यांनी बांधली, मी साखरगाठी बांधली. गाठ! माह्या हातानं.

आज गोळी घेतली नाही. पाडव्याले जे केलं ते वर्षभर करा लागते. पाडव्याले रडलं तं वर्षभर रडणं, पाडव्याले दवाई खाल्ली तं वर्षभर दवाई. माय तं पाडव्याले सर्दीचा काढाही नव्हती घेऊ देत. कडुनिंबाचा पाला खाल्ला, गूळ लावून. तीच दवाई.

उद्या घेईन.

३१ मार्च, मंगळ.

दूधवाल्यापर्यंत. न घेता! आजही नाही घेतली. पाहू.

८ एप्रिल, बुध.

दूधवाल्यापर्यंत. चेहऱ्याची सूज उतरून राहिली. गोळ्याइनं तोंड पुरीसारखं झालं होतं.

हूक मीच लावले. सगळे. वंदी चहा घेऊन आली अन् पाह्यतच राहिली. बोट पुढं केलं, दाबलं. "आई, सच में!" म्हणे.

आता गोळ्या घ्यायची काय गरज. वंदीनं विचारलं घेतली का तं हो म्हणते. चिनी बाईले सांगितलं नाही, उगा कौतुक करत बसली असती.

मडकं काढलं. घासलं. साहूबाई म्हणे अब का बनाबे? मी म्हटलं अक्तीले ये, दाखवते.

११ एप्रिल, शनि.

भोंगा. थोडे जड. काल कपडे जास्त धुतले.

१४ एप्रिल, मंगळ.

नळ.

१५ एप्रिल

बंद.

१६

बंद

१९ एप्रिल, रवि.

(हे मी वंदना लिहून राहिली. आई पलंगावरून सांगते. पेन धरता येत नाही तिला.)

लिही: हात बंद. गुडघे पण. मनगटं लाल झाले. ताप आहे थोडा. बाबांनी हूक लावले कारण मी स्वयंपाकघरात होती. आई म्हणते हे नको लिहू. मी लिहिलं.

आई म्हणते लिही की कसरतीनं काही होत नाही, सगळं खोटं, चिनी बाईनं फसवलं.

लिहिलं. आता माझं. आज तांदळाच्या डब्यात हात घातला तर खाली पुडी. पाडव्यापासूनच्या सगळ्या गोळ्या, एक भी नहीं खाई. मी पुडी आईसमोर धरली. आई भिंतीकडे पाहून राहिली. मी म्हटलं, कावून आई? तर म्हणते, "तुले पाठवायचं होतं ना."

बस, इतकंच.

२१ एप्रिल, मंगळ.

पेन मुठीत धरून लिहिते, लहान पोरासारखी. अक्षर कसंही येवो.

काल वंदी जाऊन चिनी बाईले घेऊन आली. मी तोंड फिरवलं. ती पलंगापाशी बसली. पर्समधून एक डबी काढली अन् उघडून माह्या मांडीवर ठेवली. गोळ्या. म्हणे, "मेरा ब्लड प्रेशर का है. रोज खाती हूँ. कसरत भी रोज, गोली भी रोज. मैंने कब बोला दवाई छोड़ो?"

मी म्हटलं, नाही बोलली. मग त्याचा आळ माह्यावर कावून येऊ देतेस, असं विचारलं तिनं, म्हणजे हिंदीत, पण तेच. डबीचं झाकण तिनं दोनदा लावून पाह्यलं. मले तवा कळलं ही घाबरली आहे. माहं काही बरंवाईट झालं असतं तं बाजारात सगळे काय म्हणाले असते? चिनी बाईनं काही शिकवलं अन् बाई गेली. ते लोक एकदा उचलल्या गेले आहेत.

साहूबाईले मी बोलली होती तिच्याबद्दल, फसवलं म्हणून. आज भिंतीवरून बोलावून सांगितलं, चूक माही होती, तिची नाही. साहूबाई म्हणे, जानत हंव. तिले पहिलेच माहीत होतं म्हणे.

२३ एप्रिल, गुरु.

ह्यांच्यासोबत दवाखान्यात. डागदरीण बाई ओरडली नाही, त्यानं जास्त लाज वाटली. पाडव्याचं सांगितलं तं तिनं पेन खाली ठेवलं. म्हणे ही गोळी अशी एकदम सोडली तं जीव पण जाऊ शकते. कमी करायची तं मी करीन, हळू हळू, तुम्ही नाही. अन् ती कसरत? मी भीत भीत विचारलं. म्हणे करा ना, सांधे हालते राह्यतात, मनही थाऱ्यावर राह्यते. रोग जाईन असं समजू नका.

बाहेर आल्यावर हे म्हणे, प्लांटातली कोक ओव्हनची भट्टीही अशी एकदम बंद नाही करत. एकदम थंड झाली तं तडकते.

एवढं माहीत होतं तं पाडव्याले काय झोपले होते? म्हणजे, त्यांना तरी कुठं सांगितलं होतं मी.

२७ एप्रिल, सोम.

नळ जाईपर्यंत. पण गेल्यावर उघडले.

पलंगावर बसूनच करते. चि. बाई म्हणे झाड बसूनही होता येते.

१ मे, शुक्र. अक्ती

सकाळी म्हटलं करतेच. वंदी म्हणे राहू दे आई, मी हरली समज. मी म्हटलं हरायचं कोणी सांगितलं तुले, कणीक आपट.

तिनं आपटली. मी पीढ्यावर बसून सांगत राहिली, अजून, अजून, तार नाही आली. ह्यांनी अंगणात शेगडी पेटवली, मडकं चढवलं. आंबे साहूबाईच्या गावचे. चि. बाई साडी नेसून आली होती, पहिल्यांदा पाह्यली साडीत. तिले खुर्ची दिली तं ती शेगडीपाशी उकिडवी बसली.

पहिला गोळा घेतला. मनगट वाकलं नाही, राखेत गेला. दुसरा मधातून फाटला. ह्यांनी तोच भाजून घेतला, म्हणे मध्यप्रदेशचा नकाशा आहे, खातो. तिसऱ्या वेळी डोळे मिटले, श्वास सोडला, बगीच्यात करते तसं. गोळा उतरला. मनगटावरून पुढं कोपरापर्यंत नाही, अर्ध्यातच थांबला. पण फाटला नाही. मडक्यावर टाकला. छोटी झाली, साहूबाईच्या भाकरीएवढी. पण पातळ. फुगे आले.

चि. बाईनं ती हातात धरून उजेडात पाह्यली. आरपार दिसते का ते. तिच्या देशात पण अशी कणीक ओढतात म्हणे, शेवया करतात. तिचा देश म्हणजे कोणता, कलकत्त्यातच तं जन्मली आहे. पण तिनं असंच म्हटलं.

चवथी मी केली नाही. बोटं आखडले होते. बाकीच्या तव्यावर, वंदीनं.

सगळे गेल्यावर म्हटलं, झाली ना रोटी. आता जाशीन? ती भांडे घासून राहिली होती. वर न पाह्यता म्हणे, "एक झाली, आई. एकीनं घर चालते का?"

माहीच पोट्टी आहे. खरं तोंडावर.

१७ मे, रवि.

भोंग्यानंतर. गरमी भल्ली, पहाटेच जातो बगीच्यात. जातो म्हणजे हेही. नाइट करून परस्पर येतात, काळे हात, डबा झाडाच्या फांदीले अडकवतात. आज गोळा धरून उभ्या उभ्या झोपले. मी हालवायले गेली तं चि. बाई म्हणे मत उठाओ, सबसे अच्छा यही कर रहा है.

३१ मे, रवि.

भोंग्यापर्यंत. डॉ. नं गोळी थोडी कमी केली. तिनं केली, मी नाही.

दोन हूक. वरचा वंदीनं.

१२ जून, शुक्र.

वंदी बारावी पास. नागपूरहून बोलावणं आलं. मामाची चिठ्ठी, खोली वसतिगृहात मिळते म्हणे. पोट्टीनं वाचून कपाटावर ठेवली अन् तांदूळ निवडायले बसली.

२० जून, शनि.

भांडण झालं. मी म्हटलं तू माह्यासाठी राहिली तं रोज सकाळी तुहं तोंड पाहून मी अजून बिमार पडीन. ती म्हणे अन् मी गेली अन् तू पुन्हा तांदळात गोळ्या लपवल्या तर? मी म्हटलं नाही लपवत. ती म्हणे पहिले पण हो हो म्हणत होतीस.

म्हणत होती, खरं आहे.

हे आतापर्यंत पेपर वाचून राहिले होते. खाली ठेवला. म्हणे, "वंदे, गोळी मी देत जाईन, समोर उभा राहून. अन् कणीकही मीच मळीन. इतके वर्ष भट्टीपुढं उभा राह्यतो, चुलीपुढं काय मरतो?"

वंदीले हासू आलं अन् रडूही. म्हणे बाबा, तुम्हाले चहा नाही येत. ते म्हणे येते, तुह्या मायनं कधी करू दिला नाही.

मग वंदी म्हणे, दिवाळीपर्यंत जाऊन पाह्यते. नाही जमलं इकडं तर परत येईन, सांगून ठेवते. मी म्हटलं ये. चार दिवस ये, फराळ खा, जा.

"तू चूप बैठ आई," म्हणे.

२१ जून, रवि.

ह्यांचा चहा. लिहीत नाही कसा होता.

३ जुलै, शुक्र.

पावसाच्या पाण्यानं हवा ओली, नळापर्यंत गेलं. नेमकं आत्ता. वंदीसमोर हात पदराखाली ठेवले. तिनं पदर उचलून पाह्यलं. पेटीत कपडे घालत राहिली. घातलेले काढले, पुन्हा घातले.

चि. बाई आली. वंदीले एक टूथब्रश अन् पेस्ट दिलं दुकानातलं. म्हणे दात संभाळ. मले म्हणे, दीदी, ओल्या दिवसात होतेच असं, थांबू नको. मी म्हटलं थांबते कोण.

५ जुलै, रवि.

दुर्ग स्टेशन. गाडी लेट होती, बरं झालं. ह्यांनी पेटी वर ठेवली, तीनदा जागा बदलली पेटीची. मी सांगितलं तिथं कोणाच्या तोंडी लागू नको. ती म्हणे मग मी तुही पोरगी कशी.

सकाळी निघताना घाईत तिची वेणी मी घातली. अर्धी. बोटं तिथपर्यंतच चालले, खाली रबर लावलं. तिनं ती तशीच ठेवली, खोलली नाही.

गाडी हालायच्या आधी खिडकीच्या गजातून तिनं बोट बाहेर काढलं. म्हणे, "दाब."

दाबलं.

"और."

होतं नव्हतं तेवढं लावलं. तिचं तोंड पाह्यलं, लागलं का नाही ते. काही समजू दिलं नाही तिनं. नर्स होईन चांगली. गाडी सरकली, मी दोन पावलं सोबत गेली. मग मीच सोडलं.

येताना बसमधून पावर हाऊसले उतरून हे म्हणे, दिवाळी काही फार दूर नाही. ती भेटायले येईन म्हणून का कायमची परत येईन म्हणून, ते विचारलं नाही.

६ जुलै, सोम.

भोंगा झाला. अर्धे उघडले.

गोळी घेतली. हे समोर उभे होते, पाणी घेऊन, मी गिळेपर्यंत तोंडाकडं पाह्यत. मी म्हटलं जीभ दाखवू का. दाखव म्हणे.

चहा प्याली. बोट कोणी पुढं केलं नाही. माही मूठ आपलीच बंद होऊन पुन्हा उघडली.

हूक दोन लागले. वरचा राहिला. ह्यांना आवाज देणार होती, नाही दिला. पदर घेतला वरून.

बाहेर पावसाचं पाणी थांबलं आहे. चि. बाई झाडाखाली आली असन.